सहार ते भाईंदर : एका वाटेचा व तिच्या नावांचा इतिहास

मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्या प्रवाशास मिरा-भाईंदरास जावयाचे असल्यास त्याला उत्तरेकडे सुमारे वीस-पंचवीस किलोमीटर जावे लागते. वाटेत खाडी ओलांडावयाची नाही की घाट चढावयाचा नाही. प्रस्थानाचे व मुक्कामाचे अशी दोन्ही ठिकाणे साष्टी या एकाच बेटावर वसलेली आहेत. असे असूनही हा लहानसा प्रवास दीर्घकाळ कष्टाचा राहिला, आणि त्याचे कारण केवळ वाहनांच्या गर्दीत शोधणे पुरेसे होणार नाही. ज्या मार्गाने हा प्रवास होतो तो मार्ग मिरा-भाईंदरसाठी कधी आखलाच गेला नव्हता. तो प्रथम एका बंदरासाठी होता, नंतर गुजरातसाठी झाला, आणि मिरा, काशी, नवघर, भाईंदर ही गावे त्याच्या कडेला राहिली. या विधानाचा एक पुरावा कागदपत्रांत आहे, दुसरा स्थलनामांत आहे. ‘घोडबंदर’, ‘मिरा रोड’, ‘दहिसर नाका’, ‘वरसावे पूल’ ही या परिसरातील सर्वांत अधिक उच्चारली जाणारी नावे पाहिली तर त्यांपैकी प्रत्येकाचे उत्तरपद वाहतुकीच्या एखाद्या साधनाचे वा अडथळ्याचे वाचक आहे, हे सहज ध्यानात येते.

प्रथम भूमीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ‘साष्टी’ हे नाव ‘षट्षष्टि’ या संख्यावाचकापासून आले असून सहासष्ट गावांचा समूह हा त्याचा अर्थ मानला जातो. गोव्यातील साष्टी तालुक्याचे नावही याच व्युत्पत्तीचे आहे. पोर्तुगीजांनी त्याचे ‘साल्सेत’ केले. गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांस दिली आणि साष्टी तेव्हापासून सुमारे दोन शतके त्यांच्याकडे राहिली. या काळात बेटाचा राजकीय मुखवटा उत्तरेकडे, म्हणजे वसईकडे वळलेला होता, ही गोष्ट आज सहसा लक्षात घेतली जात नाही. सत्तेचे, न्यायाचे, धर्मपीठाचे केंद्र खाडीपलीकडे होते. मुंबई हे दक्षिणेकडचे एक दुय्यम बेट होते. त्या दृष्टीने पाहता आजच्या मिरा-भाईंदरची भूमी तेव्हा बेटाच्या टोकाला नसून दाराशी होती. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत (१७३७-३९) उत्तन-डोंगरीच्या बाजूच्या धारावीच्या टेकडीस जे महत्त्व आले ते याच कारणाने. वसईच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवणारे ते ठाणे ज्याच्या हाती, त्याच्या हाती वसईची रसद. १७३९ च्या मे महिन्यात वसई मराठ्यांकडे आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा कायम झाला. येथून बेटाचे तोंड दक्षिणेकडे फिरले. जी भूमी दाराशी होती ती परसात गेली.

घोडबंदर हे या परिसरातील सर्वांत जुने ख्यातनाम स्थळ. नावाची फोड उघड आहे. या खाडीकाठी अरबांकडून घोड्यांचा व्यापार होई, त्यावरून हे नाव पडले, असे सामान्यतः सांगितले जाते. तथापि एकोणिसाव्या शतकात पंडितांनी हे नाव याहून पुष्कळ मागे नेण्याचा यत्न केला होता. टॉलेमीच्या भूगोलात या किनाऱ्यावर ‘हिप्पोकुरा’ नावाचे एक ठिकाण येते. ग्रीक भाषेत ‘हिप्पो’ म्हणजे घोडा. तेव्हा हा मूळ देशी नावाचा अनुवाद असावा असे धरून पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हिप्पोकुरा म्हणजे घोडबंदर असे समीकरण मांडले. मुंबई गॅझेटिअरच्या संपादकाने त्याच तर्काने कुलाबा जिल्ह्यातील घोरेगावाचा पक्ष घेतला. दोन विद्वानांस एकाच युक्तिवादाने दोन निरनिराळी गावे सापडावीत, यातच त्या युक्तिवादाची दुर्बलता दिसते. शिवाय ‘बंदर’ हा शब्द फारसी आहे. तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात या किनाऱ्यावरील एखाद्या नावात असणे संभवत नाही. फार तर ‘घोड’ हे पूर्वपद जुने व उत्तरपद मागाहून जोडलेले, असे म्हणता येईल. पण त्याला आधार काय? याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, टॉलेमीने अंतर्भागात आणखी एक हिप्पोकुरा सांगितले आहे व ते ‘बलेओकुरोस’ नामक राजाचे ठाणे असल्याचे नोंदविले आहे. कोल्हापूर येथे मिळालेल्या नाण्यांवर ‘विळिवायकुर’ हे नाव आहे आणि बलेओकुरोस हे त्याचेच ग्रीक रूप मानले जाते. अर्थात ‘-कुर’ हा अंश देशी आहे. तसे असेल तर ‘हिप्पो’ हाही अनुवाद नसून एखाद्या देशी ध्वनिसमूहाचे ग्रीक कानाला परिचित वाटेल असे रूपांतर असण्याचा संभव अधिक. घोडा तेथे कदाचित नव्हताच. घोडबंदराचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी टॉलेमीची साक्ष काढू नये, हे बरे. त्याच्या मध्ययुगीन व पोर्तुगीज वैभवास त्या साक्षीची गरज नाही.

मुंबईहून या बंदराकडे जाणारा रस्ता तो घोडबंदर रस्ता. वांद्रे, अंधेरी, बोरिवली या गावांवरून तो उत्तरेस जाई. त्याचे खरे महत्त्व वाढले ते १८४५ साली माहीम व वांद्रे यांना जोडणारा बांध पुरा झाल्यावर. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी त्यासाठी १,५७,००० रुपये दिले, आणि त्यावरून जाणाऱ्यांकडून सरकारने कर घेऊ नये अशी त्यांची अट होती असे सांगितले जाते. माहीमच्या खाडीत तरीच्या गर्दीने होणारी प्राणहानी थांबली. मुंबई बेट साष्टीस पायवाटेने जोडले गेले. पुढे या रस्त्याच्या मुंबईतील भागास स्वामी विवेकानंद मार्ग हे नाव मिळाले व ‘घोडबंदर रस्ता’ हे जुने नाव तेथून लोप पावले. आज एखाद्याने ‘घोडबंदर रोड’ म्हटले, तर श्रोत्याच्या मनात ठाण्याकडून पश्चिमेस येणारा रस्ता उभा राहतो. एकाच नावाने एका बाहूवरून दुसऱ्या बाहूवर असे सरकणे स्थलनामांच्या अभ्यासात नवलाचे नाही. परंतु येथे त्याचा एक परिणाम झाला. मुंबईच्या माणसाच्या रोजच्या भाषेतून रस्त्याचे गन्तव्यस्थानच नाहीसे झाले.

रेल्वेविषयीही एक रूढ समजूत तपासून पाहिली पाहिजे. रेल्वे आली आणि भाईंदर मुंबईशी जोडले गेले, असे सरसकट लिहिले जाते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा लोहमार्ग वसईची खाडी ओलांडून १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आला, आणि १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅक बे अशी पहिली स्थानिक गाडी सुरू झाली, हे खरे. पण त्या गाडीच्या थांब्यांची जी यादी वारंवार उद्धृत होते तीत पुढील नावे आहेत : निला, बसीन, पांजे, बोरीवला, पहाडी, अंदारी, सांताक्रूझ, बांदोरा, माहीम, दादूर व ग्रँट रोड. यांत भाईंदर नाही, मिरा नाही, दहिसर नाही. खाडीच्या मधोमध असलेल्या पाणजू बेटाला थांबा मिळाला, काठावरील भाईंदरला मिळाला नाही. यादीतील रूपे भाषादृष्ट्याही पाहण्याजोगी आहेत. ‘बांदोरा’ हे पोर्तुगीजांच्या मुखातून आलेले; ‘पहाडी’ हे गोरेगावालगतच्या गावाचे नाव, पुढे स्थानकावरून उतरलेले; ‘अंदारी’ व ‘दादूर’ ही इंग्रज कारकुनाच्या कानाने केलेली नोंद. स्थानकांची नावे त्या काळी स्थिर झालेली नव्हती आणि कोणत्या गावाने स्थानक व्हावे हेही गावाच्या मोठेपणावर ठरत नव्हते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

भाईंदर स्थानक पुढे झाले व मिठागरांच्या मालाने त्याला महत्त्व आले. मिरा रोडचे नाव मात्र एका खास रेल्वे-प्रघाताचे उदाहरण आहे. ज्या स्थानकापासून गाव दूर असे, त्या स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द जोडला जाई. नाशिक रोड म्हणजे नाशिक नव्हे, नाशिकला जाण्यासाठी जेथे उतरावयाचे ते ठिकाण. याच मार्गावरील वसई रोड तसेच. मूळ मिरे गाव पूर्वेस डोंगराच्या बाजूला, आणि स्थानक पश्चिमेस खाजणांच्या कडेला. म्हणजे ‘मिरा रोड’ या नावाचा शब्दशः अर्थ ‘हे मिरे नव्हे’ असा होतो. पुढे त्या खाजणांवर व शेतांवर एक संपूर्ण नगर वसले आणि त्याने हेच नाव धारण केले. आज तेथील रहिवासी ‘मिरा रोडला राहतो’ असे म्हणतो, तेव्हा त्या नावात त्याला कोणताही रस्ता ऐकू येत नाही. विशेषनाम झाल्यावर शब्द आपला अर्थ असा टाकून देतो.

विजेच्या गाड्या ५ जानेवारी १९२८ रोजी बोरिवलीपर्यंत आल्या. तेथून विरारपर्यंत त्या जाण्यास १९३६ उजाडले. ही आठ वर्षांची फट लहान वाटते, परंतु याच काळात बोरिवलीपर्यंतचा प्रदेश उपनगर झाला आणि त्यापलीकडचा प्रदेश गाव राहिला. पुढे १९५० व १९५७ या दोन टप्प्यांत मुंबई महापालिकेची हद्द उत्तरेस वाढली, ती दहिसरला येऊन थांबली.

आता या वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे वळावयास हवे. मुंबईचे पहिले विमानमैदान १९२८ साली जुहूस झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणले ते याच मैदानावर. पावसाळ्यात ते चिखलात जाई आणि टपालाची विमाने पुण्यास हलवावी लागत. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझ येथे लष्करी धावपट्टी झाली. युद्धानंतर मुलकी वाहतूक तेथे आली आणि १९५८ मध्ये नवी इमारत उभी राहिली. आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी सहार येथील इमारत १९८१ मध्ये सुरू झाली. १९९९ मध्ये विमानतळास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले व २०१८ मध्ये त्यात ‘महाराज’ ही पदवी समाविष्ट झाली. सहारची सध्याची विशाल इमारत १२ फेब्रुवारी २०१४ पासून प्रवाशांसाठी खुली झाली, आणि तिला पश्चिम द्रुतगती मार्गाशी जोडणारा उन्नत रस्ताही त्याच दिवशी. इतके होऊनही प्रवाशाच्या सामानाच्या चिठ्ठीवर ‘बीओएम’ ही तीन अक्षरे जुन्या बॉम्बेची साक्ष देत राहिलीच, आणि रिक्षावाल्याशी बोलताना लोक ‘सहार’ व ‘सांताक्रूझ’ असेच म्हणत आले. सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. सहार हे एका गावठाणाचे नाव. विमानतळाच्या भिंतीस लागून असलेल्या त्या गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची जुनी वस्ती आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविण्याजोगी आहे. या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, औपचारिकपणे स्वीकारले; परंतु त्याची बोली मराठीच आहे, साष्टीची मराठी. या बोलीचे भाषक जसे सहार, मरोळ, कोळे-कल्याण येथे आहेत, तसेच ते मिरा-भाईंदरच्या पश्चिमेकडील उत्तन-डोंगरीच्या बाजूस आहेत. म्हणजे ज्या दोन टोकांना आज ‘विमानतळ’ आणि ‘त्याच्या लगतचे शहर’ म्हणून ओळखले जाते, ती दोन्ही टोके विमाने येण्याच्या कितीतरी आधी एका बोलीने व एका चर्चच्या दिनमानाने बांधलेली होती. सणाला, लग्नाला, पाहुणचाराला लोक या टोकाकडून त्या टोकाकडे जात. चावी, पगार, बटाटा हे पोर्तुगीज शब्द प्रमाण मराठीत रुळले, त्यात या पट्ट्यातील शेजाराचा वाटा थोडा नसावा. द्रुतगती मार्गाने सहार व उत्तन एकमेकांच्या जवळ आणले, असे म्हणण्यापेक्षा जी जवळीक होती ती दुसऱ्या मापाने मोजावयास त्याने भाग पाडले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

पश्चिम द्रुतगती मार्ग हा मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गाचा नगरातील भाग. माहीमच्या खाडीपासून दहिसरपर्यंत तो सुमारे पंचवीस किलोमीटर जातो. दहिसरपुढे मिरा-काशी ओलांडून वरसाव्याशी वसईच्या खाडीवरील पुलाने तो गुजरातकडे निघतो. या पुलाला ‘वर्सोवा पूल’ असे इंग्रजी वळणाचे नाव पडल्यामुळे बाहेरचा माणूस हमखास फसतो. अंधेरीजवळचे वर्सोवा हे कोळ्यांच्या तोंडी वेसावे. घोडबंदरजवळचे हे वरसावे. मराठीत दोन्ही नावांत स्पष्ट भेद आहे. इंग्रजी लेखनाने तो पुसून टाकला. विमानतळावरून ‘वर्सोवा’ म्हणून निघालेला मनुष्य समुद्रकाठी जाईल की खाडीकाठी, हे केवळ त्या एका अक्षरावर अवलंबून राहिले. ‘काशीमिरा’ या नावाचीही अशीच गंमत आहे. इंग्रजी पाटीवर ते वाचून काश्मीरचा भास होतो आणि त्यावर थट्टाही होते. वस्तुतः काशी व मिरे या दोन शेजारच्या गावांचा तो साधा द्वंद्व समास आहे.

दहिसरच्या नाक्याने या वाटेचे दोन तुकडे केले. नाका म्हणजे मुळात वाटेचे नाक, अडवून तपासण्याची जागा. मुंबई महापालिकेची जकात येथे वसूल होई व मालमोटारींच्या रांगा मिऱ्याच्या हद्दीत उभ्या राहत. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर १ जुलै २०१७ पासून जकात गेली. पथकर मात्र राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य शासनाने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना तो माफ केला. कर गेला तरी ‘नाका’ हे नाव जाण्याचे चिन्ह नाही. हद्दीची ही रेषा केवळ कराची नव्हती. मिरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ मध्ये भाईंदर, मिरा, नवघर, खारी व घोडबंदर या ग्रामपंचायती एकत्र करून झाली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,२०,३८८ होती, २०११ मध्ये ८,०९,३७८. हे आठ लाख लोक जिल्ह्याच्या कामास पूर्वेला ठाण्यास जातात, चाकरीस दक्षिणेला मुंबईत जातात, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून त्यांचे पोलीस आयुक्तालय खाडीपलीकडच्या वसई-विरारशी संयुक्त आहे. एका नगराचे कारभार असे तीन दिशांना वाटले जाणे सोयीचे नाही, हे सांगण्यास प्रशासनशास्त्राची गरज पडू नये.

या वाढीत विमानतळाचा वाटा किती, हा प्रश्न विचारावयास हवा. विमानतळ व त्याच्या भोवतालची अंधेरी-मरोळची कार्यालये, हॉटेले, मालगोदामे यांतील नोकरवर्गास परवडणारे घर ज्या दिशेला मिळू लागले ती दिशा उत्तरेची होती. त्यामुळे सहार-भाईंदर ही वाट पाहुण्यापेक्षा चाकरमान्याची अधिक आहे, आणि तिचे मोजमाप पर्यटकाच्या घड्याळाने करणे चुकीचे होय. पाहुणा बहुधा टॅक्सीने वा रिक्षाने जातो. चाकरमानी अंधेरीस जाऊन लोकल धरतो. त्यातही विरारची जलद गाडी त्याच्या उपयोगाची नसते, कारण विरारचे प्रवासी मिरा-भाईंदरकरांस तीत चढू-उतरू देत नाहीत, हा या मार्गावरचा अलिखित परंतु अत्यंत कडक नियम आहे. सामानाची पेटी घेऊन संध्याकाळी अंधेरीच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्या माणसास हद्द म्हणजे काय ते नकाशावाचून समजते.

ही वाट किती एकेरी आहे, हे २६ जुलै २००५ रोजी दिसून आले. सांताक्रूझच्या वेधशाळेने त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. मिठी नदी धावपट्टीखालून जाते. तिला वाट न मिळाल्याने विमानतळ पाण्यात गेला व बंद पडला, लोहमार्ग बुडाले, द्रुतगती मार्गावर वाहने जागीच राहिली. त्या रात्री असंख्य माणसे उत्तरेकडे पायी चालत गेली. खाडीची जुनी जलवाट तोवर विस्मृतीत गेली होती. भाईंदर व वसई यांच्यामधील होडीचा मार्ग वाहने नेणाऱ्या बोटीच्या रूपाने पुन्हा सुरू होण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले.

अलीकडच्या वर्षांत मेट्रोने या नकाशात नवी रेषा ओढली. अंधेरीची गुंदवली व दहिसर पूर्व यांना द्रुतगती मार्गावरून जोडणारा सातव्या क्रमांकाचा मार्ग जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाला. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि विमानतळाच्या दोन्ही इमारतींना प्रथमच रेल्वे मिळाली. त्यामुळे सहारहून मरोळ नाक्यास, तेथून घाटकोपर-वर्सोवा मार्गाने द्रुतगती मार्गावर, आणि गुंदवलीहून दहिसरला, असा तीन गाड्यांचा प्रवास शक्य झाला. विमानतळापर्यंत थेट नेणारा ‘७अ’ आणि दहिसरहून मिरा-भाईंदरपर्यंत जाणारा ‘९’ हे याच मार्गाचे दोन्ही बाजूंचे विस्तार म्हणून आखले गेले. म्हणजे सहार व भाईंदर ही दोन नावे एकाच आराखड्याची दोन टोके म्हणून प्रथमच लिहिली गेली. नवव्या मार्गाच्या पहिल्या टप्प्यावर १४ मे २०२५ रोजी दहिसर ते काशीगाव अशी चाचणीची गाडी धावली. या टप्प्यातील स्थानकांना पांडुरंगवाडी, मिरागाव व काशीगाव अशी नावे दिलेली आहेत. महामार्गाने ज्यांचा एक शब्द केला होता ती दोन्ही गावे येथे पुन्हा वेगवेगळ्या पाट्यांवर आली, आणि मिऱ्याच्या पुढे ‘रोड’ लावण्याचे कारण उरले नाही. गाडी गावातच थांबते.